अलीकडे ओळख, पलीकडे पहचान

तुमसरहून सिहोऱ्यामार्गे बपेऱ्याला जाणारा रस्ता पुढे मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात जातो. भंडारा जिल्ह्याचं हे टोक. राज्याची सीमा नकाशावर एका रेघेनं दाखवता येते, भाषेची येत नाही. या पट्ट्यात झाडीबोली, पोवारी आणि हिंदी अशा मिसळल्या आहेत की एकाच माणसाच्या तोंडी एकाच दिवसात तिन्ही याव्यात. तरी एका शब्दापुरती इथे सीमा आखता येते. रेघेच्या अलीकडचा शब्द ‘ओळख’, पलीकडचा ‘पहचान’.

कोशात दोन्हींचा अर्थ एकच दिलेला असतो, आणि व्यवहारात तो तसा आहेही. पण हे दोन शब्द वेगवेगळ्या घरांतून आले आहेत. डोळ्यांसमोर आलेली गोष्ट ‘ही अमुक’ असं मनाला कसं कळतं, या प्रश्नावर विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी जो वाद घातला, त्यातली एक बाजू ‘ओळख’मध्ये आणि दुसरी ‘पहचान’मध्ये फार आधीपासून बसलेली आहे. म्हणून या दोन शब्दांची चर्चा मला महत्त्वाची वाटते.

आधी आपला शब्द. ओळखणे हे क्रियापद राल्फ टर्नर यांच्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात संस्कृत ‘उपलक्षयति’पाशी नेलेलं आहे. उपलक्षय, मग प्राकृतात उवलक्ख, मग मराठीत ओळख. वाट सरळ आहे. ‘उप’मधला प मऊ होऊन व झाला आणि ‘उव’चा ओ झाला. दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो, जसं फल–फळ, कमल–कमळ. आणि क्षचा ख, जसं परीक्षा–पारख. जुन्या लेखनात ‘वोळखणे’ असं रूप दिसतं, कारण शब्दारंभीचा ओ तेव्हा वो असा लिहीत. झाडीबोलीत तर एक पाऊल पुढे गेलं आहे. या बोलीत ळ नाही, त्याच्या जागी र येतो, म्हणून डोळ्याचा डोरा आणि ओळखीची ओरख. बपेऱ्यातला म्हातारा डोऱ्यानं ओरखतो.

शब्दाचा गाभा आहे ‘लक्ष्’, म्हणजे खूण करणं, खूण पाहणं. लक्षण, लक्ष देणं, उपलक्षण हे सगळं त्याच गोतातलं. लक्ष्मी हा शब्दसुद्धा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात खूण, चिन्ह या अर्थानं आला आहे. धनाची देवता तो पुढे झाला. आणि नाथपंथी दारात येऊन ‘अलख’ म्हणतो तो अलक्ष्य, ज्याला खूणच नाही असा. ओळख आणि अलख हे एकाच धातूचे वंशज आहेत. एक खुणेनं कळणाऱ्याचा शब्द, दुसरा कोणत्याच खुणेनं न कळणाऱ्याचा.

पण ‘लक्षण’ म्हणजे मुळात नेमकं काय, हे पाणिनीच्या एका सूत्रात जितकं डोळ्यांसमोर उभं राहतं तितकं कुठेच नाही. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायातल्या तिसऱ्या पादाचं एकशे पंधरावं सूत्र ‘कर्ण’ शब्दाबद्दल आहे. कान या शब्दाच्या आधी एखादं ‘लक्षण’ सांगणारा शब्द आला की त्याचा शेवटचा स्वर लांबतो. दात्र म्हणजे विळा. म्हणून विळ्याच्या आकाराची खूण कानावर असलेलं जनावर ते ‘दात्राकर्ण’. अष्टाध्यायीवरची जुनी टीका काशिकावृत्ती स्पष्ट सांगते की जनावर कोणत्या मालकाचं हे कळावं म्हणून विळ्यासारख्या आकारांनी जी खूण करतात, तीच इथे लक्षण समजायची. काही खुणांना हा नियम लागत नाही आणि पाणिनी त्यांची यादी देतो. तिच्यात आठचा आकडा आहे, पाचचा आहे, मणी आहे, चिरलेला कान आहे, भोक पाडलेला आहे, यज्ञातली पळी आहे, स्वस्तिक आहे. व्याकरणाच्या एका बारीकशा नियमात एका काळच्या गोठ्यातली ओळखपरेड जपली गेली आहे. कळपातली सगळी गुरं एका रंगाची असली तरी कानाकडे नजर टाकली की मालक कळतो. लक्षण म्हणजे ही अशी, नेमक्या जागी पाहायची, मोजकी, फरक सांगणारी खूण.

आता १९५८ सालच्या बाल्टिमोरला या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्रातल्या एकेका पेशीचं काम विद्युतसंकेतांवरून तपासत होते. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका लावून तो पडद्यावर टाकायचा आणि पेशी कशाला प्रतिसाद देते ते ऐकायचं. तासन्‌तास काही होईना. मग पट्टी यंत्रात सरकवताना पेशी अचानक तडतडू लागली. ठिपक्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पट्टीच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून सरकली होती आणि त्या एका दिशेला कललेल्या रेघेवर ती पेशी बोलत होती. रेघ वेगळ्या कोनात फिरवली की गप्प. पुढे कळलं की दृष्टिकेंद्रात अशा पेशींची रांगच आहे, कुणी उभ्या रेघेची, कुणी तिरक्या, कुणी आडव्या. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं. १९५९ साली ऑलिव्हर सेल्फ्रिज यांनी यंत्राला अक्षरं वाचायला शिकवण्यासाठी जी योजना मांडली तिचा विचारही असाच होता. खालच्या पायरीवर एकेक खूण शोधणारे कामकरी, वरच्या पायरीवर त्यांचा गलबला ऐकून ‘हा क’ असा निवाडा देणारा.

हे सगळं ‘ओळख’ या शब्दाच्या घरातलं आहे. आधी लक्षणं, मग नाव.

पण लक्षणांवर सगळं भागत नाही, हे समजायला बाल्टिमोरपेक्षा बपेऱ्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, बरी. चांदपूर जलाशयाच्या पाण्याचा हा सिहोरा-बपेरा भाग धानाचा. रोपांसाठी पऱ्हे टाकायचे, रोवणी करायची किंवा थेट बी पेरून आवत्या टाकायचा, आणि मग निंदण. पश्चिम महाराष्ट्रात जिला भांगलण किंवा खुरपणी म्हणतात, ती विदर्भात निंदण. या निंदणाचा दोष देणाऱ्या निंदेशी संबंध नाही. तण काढणाऱ्याला संस्कृतात ‘निर्दाता’ म्हणत आणि मनुस्मृतीत राजाला त्याचीच उपमा दिली आहे. निंदणं हे त्या कुळातलं मानतात. निंदण बहुतेक बायाच करतात. पोटरीभर चिखलात वाकून, दोन्ही हातांनी, ओळ न सोडता. हिरव्यातून हिरवं वेगळं काढायचं असतं, आणि बोलता बोलता ते चाललेलं असतं.

धानात साव्याच्या कुळातलं एक तण येतं. कोवळेपणी ते थेट धानासारखं दिसतं. पुस्तकी लक्षण विचाराल तर आहे. पान जिथे खोडाला मिठी मारतं तिथे धानाला पातळ जिभेसारखा पापुद्रा आणि बाजूंना केसाळ कान असतात. त्या तणाला दोन्ही नसतात. गंमत पाहा, लक्षण इथेही कानातच निघालं. पण निंदणारी बाई प्रत्येक रोपाचा कान तपासत बसत नाही. तिनं तसं केलं तर दिवसाकाठी एक वाफासुद्धा निघणार नाही. ‘कसं कळते?’ असं विचारलं तर बहुधा ‘दिसते ना’ एवढंच उत्तर येतं, आणि ते उत्तर पूर्ण खरं आहे. पानाचा कल, हिरवेपणाची छटा, बुंध्याचा पसरटपणा हे सगळं एकदम दिसतं, सुटं सुटं नाही.

शिवाय रानधान आहे, छत्तीसगडकडे ज्याला करगा म्हणतात. ते तर धानाचंच भाऊबंद. त्याला जीभही आहे आणि कानही. लोंबी येऊन लांब कुसळं दिसेपर्यंत खात्रीचं लक्षण नाही, आणि तोवर दाणे झडून पुढच्या वर्षाची पेरणी त्यानं स्वतःच केलेली असते.

इथे माणसाच्या नजरेनं एक मोठं काम केलं आहे, ज्याची दखल क्वचितच घेतली जाते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांच्या नावानं ओळखली जाणारी ही घटना आहे. जे तण ओळखू येतं ते उपटलं जातं. जे थोडंसं अधिक धानासारखं असतं ते नजरेतून सुटतं, बी धरतं, आणि पुढल्या हंगामात त्याचीच संतती वाढते. अशी शेकडो निंदणं झाली की तण पिकाचं रूप घेतं. २०१९ साली चीनमधल्या संशोधकांनी यांगत्सी खोऱ्यातल्या अशा तणाच्या जनुकांचा अभ्यास करून दाखवलं की धानाची ही नक्कल सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून घडत आली. म्हणजे बायांची नजर ज्या चुका करत होती, त्या चुकांचा साचा त्या रोपाच्या अंगावर उमटला. मनाला आकार कसे कळतात याचा हजार वर्षांचा प्रयोग चिखलात चालू होता आणि त्याची नोंद तणानं ठेवली.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं रानधानावर काढलेला तोडगा शब्दाच्या दृष्टीनंही सुंदर आहे. त्यांनी ‘श्यामला’ नावाचं जांभळ्या पानाचं धान काढलं. बांधीत ते लावलं की हिरवं दिसेल ते रानधान, उपटून टाका. पिकाच्या अंगावरच मालकाची खूण करून दिली. पाणिनीच्या काळच्या गुराख्यानं जे कानावर केलं ते इथे पानावर झालं. त्यालाही तणाचं उत्तर आहेच. जांभळं धान आणि रानधान यांचा संकर होऊन काही हंगामांतच जांभळं रानधान उगवल्याच्या नोंदी भारतातल्याच आहेत.

आता रेघेच्या पलीकडचा शब्द. पहचान हा ‘प्रत्यभिज्ञान’चा वंशज. प्राकृतात ‘पच्चहिआण’ असं झालं आणि पुढे ह आणि च यांनी जागा बदलल्या. लक्षणाचा इथे मागमूस नाही. प्रति, अभि आणि ज्ञान. आधी जाणलेलं पुन्हा समोर आलं आणि पुन्हा जाणलं. जुने तार्किक याचं उदाहरण नेहमी एकच देतात, ‘सोऽयं देवदत्तः’, तोच हा देवदत्त. ‘तो’ आठवणीतला, ‘हा’ डोळ्यांपुढचा, आणि दोघांना जोडणारा ‘च’ मनाचा. दहाव्या शतकात काश्मीरच्या उत्पलदेवांनी या एका शब्दावर संपूर्ण दर्शन उभं केलं. आणि कालिदासाच्या नाटकाच्या नावातलं ‘अभिज्ञान’ही याच घरातलं. दुष्यंताचं दुखणं बारकाईनं पाहण्यासारखं आहे. शकुंतला भरदरबारात समोर उभी आहे, तिचा चेहरा, तिचा आवाज सगळं हजर आहे, लक्षणांत काहीही उणं नाही. तरी पहचान नाही. ती अंगठी दिसल्यावर येते, म्हणजे आठवण जागी झाल्यावर.

स्मृती नजरेला हात देते हे प्रयोगशाळेतही वारंवार दिसलं आहे. अल्रिक नायसर, ज्यांच्या १९६७ च्या पुस्तकामुळे बोधात्मक मानसशास्त्राला त्याचं नाव मिळालं, त्यांनी लोकांना अक्षरांच्या लांबलचक याद्यांतून एक अक्षर शोधायला लावलं. कोनदार अक्षरांत कोनदार अक्षर शोधायला वेळ लागे, गोलाकार अक्षरांत ते पटकन सापडे. मराठी वाचकानं हे घरी करून पाहावं, ‘प’च्या गर्दीत ‘ष’ शोधून आणि मग ‘ठ’च्या गर्दीत. इथवर लक्षणांचंच राज्य. पण सराव झालेली माणसं नायसरना सांगू लागली की नको असलेली अक्षरं आता दिसतच नाहीत, नुसती धूसर सरकतात आणि हवं ते उसळून वर येतं. निंदणाऱ्या बाईचं ‘दिसते ना’ हेच आहे. १९६८ साली मायकेल पोझनर आणि स्टीव्हन कील यांनी ठिपक्यांच्या आकृत्या किंचित किंचित बदलून लोकांना दाखवल्या. ज्या मूळ आकृतीवरून त्या केल्या होत्या ती कधीच दाखवली नाही. पुढे ती समोर आली तेव्हा लोकांनी तिला बहुतेक वेळा योग्य गटात टाकलं. न पाहिलेल्याची पहचान झाली, कारण पाहिलेल्या सगळ्यांचा एक नमुना मनानं आपोआप काढून ठेवला होता. नमुना शब्दही इथे चपखल आहे. फारसी ‘नमूदन’ म्हणजे दाखवणं, त्यावरून नमुना, आणि ‘नमूद करणे’ही त्यातलंच.

तर मग खरं काय, ओळख की पहचान? याचं उत्तर मराठी माणूस रोज बोलतो. आपण नुसती ‘ओळख’ म्हणत नाही, ‘ओळख पटली’ म्हणतो. वर्तमानपत्रात मृताची ओळख पटते किंवा पटत नाही. या वाक्प्रचारात दोन पायऱ्या आहेत, आणि त्या दोन खरोखर वेगळ्या आहेत हे मेंदूच्या दुखण्यांनी दाखवलं. १९२३ साली फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ काप्ग्रा यांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. नवरा हुबेहूब नवऱ्यासारखा दिसतो हे तिला कळत होतं, तरी तो खरा नाही, त्याच्या जागी दुसरा कुणी आला आहे, असं ती ठामपणे सांगे. लक्षणं सगळी जुळली होती, आपलेपणाची जाणीव तेवढी उठत नव्हती. ओळख होती, पटत नव्हती. उलटी बाजूही आहे. काही जणांना मेंदूच्या इजेनंतर घरच्यांचे चेहरे कळेनासे होतात. योआखिम बोडामर यांनी १९४७ साली या विकाराला नाव दिलं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की अशा काही रुग्णांना चेहरा कुणाचा ते सांगता येत नसलं, तरी ओळखीचा चेहरा समोर आला की त्यांच्या त्वचेवरचा सूक्ष्म विद्युतप्रतिसाद बदलतो. शरीराला पटलेलं असतं, मनाला ओळख सापडत नसते.

महाराष्ट्रानं हा पेच एकदा राज्यकारभाराच्या पातळीवर सोसला आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले, आणि पुढे भाऊ म्हणवणारा एक जण उभा राहिला. चेहरामोहरा जुळतो असं म्हणणारे होते, भाऊ परत यावेत अशी आस लोकांत होती, पार्वतीबाई तर पती गेले हे मानायलाच तयार नव्हत्या. चौकशा झाल्या, फौजा जमल्या, आणि १७७६ साली पुण्यात त्या तोतयाला देहान्त शासन झालं. लक्षणं अर्धवट आणि आठवण उत्कट असली की नजर किती दूरवर वाहवत जाते, हे या प्रकरणात दिसतं. स्मृती नजरेला हात देते तशी ती नजरेला ओढूनही नेते.

उरला तो खुद्द विषयाचा शब्द. मानसशास्त्रात इंग्रजीतून तो ‘पॅटर्न रेकग्निशन’; त्यातल्या पॅटर्नला मराठीत आपण ‘आकृतिबंध’ केलं. शब्द देखणा आहे, पण त्याचं आता दुसरीकडे लग्न लागलं आहे. शाळेच्या गणितात आकृतिबंध म्हणजे पुढची संख्या काय ते सांगा. मंत्रालयात सुधारित आकृतिबंध म्हणजे किती पदं मंजूर. आणि पॅटर्न हा शब्द मराठीनं जसाच्या तसा उचलला तो ‘लातूर पॅटर्न’मध्ये, गिरवण्याजोगी पद्धत या अर्थानं. तो शब्द मुळात ‘पेट्रन’ या शब्दाचंच रूप आहे, अनुकरणासाठी समोर ठेवलेला आदर्श, त्यामुळे लातूरकरांनी त्याचा जुना अर्थच नकळत जागा केला. ही सगळी रूपं आपापल्या जागी ठीक आहेत. पण डोळ्यांना दिसणाऱ्या आकारासाठी, मनाच्या अभ्यासात, माझ्या मते यांतला एकही शब्द कामाचा नाही. ‘आकृतिबंध प्रत्यभिज्ञान’ असं पाठ्यपुस्तकी मराठीत वाचलं की मुलाला समोरची गोष्ट दिसायची थांबते.

आपल्याकडे ‘ठेवण’ आहे. चेहऱ्याची ठेवण, नाकाची ठेवण, अक्षराची ठेवण. ठेवणे हे संस्कृत ‘स्थापयति’वरून आलं, म्हणून ठेवण म्हणजे भाग एकमेकांशी कसे बसवले आहेत ते. माक्स वेर्टहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ पासून जे सांगितलं, की मन सुटे तुकडे मोजत नाही, त्यांची मांडणी एकदम घेतं, ते या एका शब्दात आहे. १९६९ साली रॉबर्ट यिन यांनी दाखवलं की चित्र उलटं धरलं तर घरं, विमानं ओळखायला जेवढं अवघड जातं, त्याहून कितीतरी अवघड चेहरे ओळखणं जातं. नाक, डोळे, ओठ तेच असतात, ठेवण हरवते. मराठीत एखादी मुलगी ‘नाकीडोळी नीटस’ असते तेव्हा लक्षणं मोजलेली असतात. ‘ठेवण आईवर गेली आहे’ म्हणतो तेव्हा एकही अवयव मोजलेला नसतो आणि तरी कुणाची मुलगी ते सांगून झालेलं असतं. धान आणि तण यांत बपेऱ्याची बाई जे पाहते तीही ठेवणच.

म्हणून दोन मागण्या करतो. मराठीतून मानसशास्त्र शिकवणाऱ्यांनी ‘ठेवण ओळखणे’ हा प्रयोग वर्गात करून पाहावा; विद्यार्थ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. दुसरी मागणी सिहोरा, बपेरा, तुमसरकडच्या शिक्षकांना आणि बोलीच्या अभ्यासकांना. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द गोळा करून मोठा पाया घालून दिला आहे. आता तणनाशकं आली आहेत आणि हातानं निंदण करणाऱ्या बाया कमी होत चालल्या आहेत. कोवळ्या धानाला काय म्हणतात, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या तणाला काय, ते कशावरून कळतं असं त्या म्हणतात, हे येत्या श्रावणात बांधीवर जाऊन त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.